पिठाचे कान

माझ्या सासऱ्यांशी मी अकरा वर्षं एक शब्द बोलले नाही. आणि त्या अकरा वर्षांत आमची भांडणं मात्र रोज झाली. हे कसं, असं विचाराल तर आमच्या मधे कुत्रं होतं.

आमच्याकडं त्या काळी सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही अशी रीत. पदर पुढं, नजर खाली, सासरे अंगणात आले की सून दाराआड. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. म्हणजे दुसऱ्यांशी बोलताना म्हणायचो, त्यांना तोंडावर कोण म्हणणार! काही सांगायचंच झालं तर सासूमार्फत. पण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, निरोप नेताना त्याला पदरचं तिखटमीठ लावायच्या. मी म्हणावं, "तेल संपलं," आणि त्यांनी मामंजींच्या दुकानात जाऊन सांगावं, "सून म्हणतीय, ह्या घरात तेलाचं बी हाल हाईत." असं दोन-चारदा झालं आणि मी शहाणी झाले. मामंजी जेवायला बसले की मी दाराआडून कुत्र्याला म्हणायची, "ए बाबा, तेल संपलंय रं." मामंजी घास चावत कुत्र्याकडं बघायचे. "सांजच्याला पाठवतो म्हणावं." झालं. रीतही राहिली आणि तेलही आलं.

कुत्रं माझ्या माहेरचं. माहेर चारठाण्याला. तिथं जुन्या देवळाच्या ओवरीत एक कुत्री व्याली होती, त्यातलं हे लालसर पिल्लू, कान मात्र अंगापेक्षा मोठे. सासरी निघताना मी गाडीत बसून जे गळा काढून रडायला लागले ते थांबेचना. तेव्हा वडलांनी पिल्लू उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आता रडू नगं, तुला सोबत झाली. पर एक ध्यानात ठिव. आधी त्याला पानी, मंग तुला. बांधायचं तर सावलीला. अन् एकदा ज्याला आपलं म्हणलं त्याला मधीच सोडायचं न्हाई." मी हो म्हणाले आणि सासरी पेडगावला पोचेपर्यंत दीड दिवस ते पिल्लू माझ्या नव्या लुगड्यावर मुतत आलं.

आत्याबाईंनी उंबऱ्यातच हात आडवा धरला. आमचं घर शंकराचं. गळ्यात लिंग, घरात मासमच्छी तर सोडाच, अंड्याचं टरफलही कधी कुणी पाहिलं नव्हतं. "कुत्रं घरात? शिवाशिव व्हतीय!" मी काही बोलू शकत नव्हते. पण आमचा गाडीवान हुशार. तो म्हणाला, "देवळात जन्मलंय आक्का. शंकराचा गण हाय." आत्याबाईंनी हात खाली घेतला, आणि गणानं आत येऊन पहिल्यांदा त्यांच्याच चपलेवर ताव मारला.

नाव ठेवायची पंचाईत झाली. आमच्या घरात निम्म्या पुरुषांची नावं शंकराची, निम्म्यांची बसवण्णाची. कुत्र्याला हाक मारावी आणि चुलतसासऱ्यांनी ओ द्यावी, असं व्हायचं. म्हणून ते नुसतं "ए बाबा"च राहिलं.

मामंजींचं किराणा दुकान घराला लागूनच होतं. गूळ, मीठ, मिरची, तंबाखू. त्यांना राखणीला कुत्रं हवंच होतं, म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं. पण हे ध्यान कसलं राखण करतंय! दुकानात येईल त्याच्यापुढं पोट वर करून लोळायचं. आणि एकदा चैतात, भर दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना, कुणीतरी गुळाची आख्खी ढेप उचलून नेली. मळ्यावरून येणाऱ्या बायांनी पाहिलं होतं म्हणे: एक माणूस डोक्यावर ढेप घेऊन चाललाय आणि आमचं कुत्रं शेपूट हलवत त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेलंय. परत आलं ते ओठ चाटत.

मामंजी असे संतापले की बोलायची सोय नाही. "गूळ खाऊन चोराला पोचवायला जातंय! हे राखणदार हाय का पाव्हणा?" तेव्हा दुकानात तंबाखू घ्यायला आलेल्या मेंढ्यावाल्या म्हाताऱ्यानं तोंड घातलं. त्याची कुत्री सगळी कानतुटकी, आणि वाघासारखी म्हणून पंचक्रोशीत नाव.

"शेट, ह्याचे कान लय मोठे हाईत. कान हाईत तवर कुत्रं मऊच ऱ्हातंय. निम्मे उडवा अमावशेला. अन् तुकडे फेकायचे न्हाईत बरं का. घरच्या चुलीवर भाजायचे, चटणी लावायची, अन् मालकानं सोताच्या हातानं त्यालाच खाऊ घालायचे. सोताचं मास खाल्लेलं कुत्रं दुसऱ्याला सोडतंय व्हय?"

"अन् दुसऱ्याच्या चुलीवर भाजले तर?" मामंजींनी विचारलं.

"मंग ते त्या चुलीचं झालं. माझ्या पालावर भाजाल तर माझ्या मेंढ्या राखंल. तुमच्या गुळाचं मला म्हाईत न्हाई."

मी दाराआडून सगळं ऐकत होते. मांडीवर पिल्लू, त्याचा एक कान माझ्या हातात, ऊन ऊन, आणि पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा मऊ. वडलांना दिलेला शब्द तीन महिन्यांतच मोडायची वेळ आली होती, आणि मला तर तोंड उघडायची बंदी.

पण माझ्याआधी आत्याबाईच उभ्या राहिल्या. कुत्र्यासाठी नव्हे हो, चुलीसाठी. "माझ्या चुलीवर? ह्या चुलीवर देवाचा निवद व्हतोय! आधी मला उचलून उकिरड्यावर ठिवा, मंग भाजा तुमचे कान!"

"माझे न्हाईत, कुत्र्याचे."

"कुणाचे बी असू द्या!"

चार दिवस घरात हेच. मी मनातल्या मनात आत्याबाईंच्या पाया पडत होते. मग मामंजींनी तोड काढली: परसात तीन दगड मांडून वेगळी चूल करायची. दगड मांडले मात्र, दुपारपर्यंत गावभर झालं की किराणावाल्यांच्या घरात वाटण्या झाल्या. शेजारणी सांत्वनाला आल्या. माझे चुलतसासरे तर शेताचा बांध कुठून जाणार ते विचारायलाच आले. मामंजींनी त्याच दिवशी दगड उधळून लावले.

आता कान वाचले, असं मी धरून चालले होते. पण मामंजी जेवताना पिल्लाच्या कानांकडं बघायचे ते काही थांबेना. माणूस हटवादी. कुठून तरी चूल शोधून आणणार हे मला दिसायला लागलं. म्हणून मीच एक दिवस अक्कल पाजळली.

"ए बाबा," मी दाराआडून म्हणाले, "देवीला बकऱ्याच्या जागी कोहळा चालतोय म्हणं. मंग तुझे कान ज्वारीच्या पिठाचे केले तर न्हाई का चालायचे?"

मामंजींचा घास हातातच राहिला. मग त्यांनी पिल्लाच्या पाठीवर थाप मारली. "कुत्र्या, लय अक्कल हाय तुला!"

मला स्वर्ग दोन बोटं उरला. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "खायचे कान पिठाचे. चुलीची अडचण मिटली. म्हंजी आता कापायला हरकत न्हाई."

अगं बाई! मी कान वाचवायला गेले आणि कापायची वाटच मोकळी करून दिली. स्वतःच्या जिभेला चिमटा घ्यावासा वाटला. रात्री नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "तुझं बी बरोबर हाय, आमच्या वडलांचं बी बरोबर हाय." आणि कूस वळवली. जन्मभर त्या माणसानं हेच केलं.

अमावस्या आली. मी सकाळी पीठ मळलं, पिल्लाच्या कानांना दोरा लावून माप घेतलं आणि दोन कान थापले. तव्यावर टाकताना डोळ्यांतलं पाणी तव्यावर पडून चर्र वाजत होतं. आत्याबाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "डावा जरा लहान झालाय." त्यांचंही मन द्रवायला लागलं होतं, पण त्या कबूल करणाऱ्यातल्या नव्हेत.

दुपारी म्हातारा आला. लोकर कातरायची भली मोठी कातर त्यानं अंगणातल्या दगडावर घासायला घेतली. तो आवाज! माझ्या दातांत अजून कळ येते. मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, जणू घरात लग्न आहे. त्यांनी पिल्लाला गुडघ्यांत धरलं. त्याला वाटलं खेळच चाललाय. ते त्यांचे हात चाटायला लागलं.

म्हाताऱ्यानं डावा कान बोटांत ताणून धरला. आणि मला राहवलं नाही. दाराआडूनच बोलले, पण आवाज माझा राहिला नव्हता.

"ए बाबा, ऐकून घे, कान हाईत तवर! तुला पानी मी पाजलं, तुझे गोचिड मी काढले, अन् तुझ्या कानांचे मालक दुसरेच निघाले. तू गूळ खाल्लास, चूक झाली. पर तू तर पिल्लू हाईस रं. भर दुपारी ढेप गेली तवा दुकानात गादीवर निजलं कोण व्हतं? त्याचे कान कोण कापायलंय?"

आत्याबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. म्हाताऱ्यानं कातर थांबवून इकडं-तिकडं पाहिलं. त्याला वाटलं खरंच कुणी कुत्र्याशी बोलतंय. मामंजींचे कान लाल झाले होते. ते माझ्याकडं बघणार नव्हते, रीत नव्हती. कुत्र्याकडंही त्यांना बघवेना.

"काप!" ते म्हणाले. हट्टी माणूस, आता माघार घेतली तर सून जिंकली.

कातर कच्‌ वाजली. पिल्लू असं केकाटलं की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. खरं तर कानाच्या कडेला तांदळाएवढाच काप गेला होता, कारण पिल्लानं मान ओढली. पण रक्ताचा एक थेंब उडून मामंजींच्या पांढऱ्या धोतरावर पडला. त्यांनी थेंबाकडं पाहिलं. जन्मभर गूळ आणि मीठ तोललेला माणूस, रक्त पाहिलं कधी? डोळे फिरले, आणि दोन मणांचा तो देह हळूहळू भिंतीला घासत खाली आला.

पिल्लू सुटलं ते पळून गेलं असेल म्हणाल, तर नाही. कोपऱ्यापर्यंत गेलं, मागं वळून पाहिलं, आणि परत येऊन मामंजींचं तोंड चाटायला लागलं. म्हातारा कातर हातात घेऊन उभा. "आता कुणाचा कान धरू?" त्यानं विचारलं.

आत्याबाईंनी कांदा फोडून मामंजींच्या नाकाला लावला. त्यांनी डोळे उघडले तर समोर कुत्र्याची जीभ. तेव्हा आत्याबाईंनी जो निवाडा दिला तसा निजामाच्या कुठल्या कचेरीत मिळाला नसता. "रगत निघालं का? निघालं. अमावशा हाय का? हाय. कान भाजलेत का? भाजलेत. मंग झालं की! आनिक काय कापता, मुंडकं?"

मामंजी पडल्या पडल्या बारीक आवाजात म्हणाले, "झालं म्हणावं."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं पिठाचे दोन्ही कान, लाल चटणी लावून, पिल्लाला भरवले. ते बिचारं रांजणापाशी जाऊन पाणी पीत राहिलं. मी कानाला हळद लावली आणि तेवढा वेळ मामंजींकडं पाठ करून बसले. रीत होती म्हणून नव्हे, रागानं.

त्यानंतर दुकानात पुन्हा चोरी झाली नाही. गावात बोभाटा झाला की पिठाच्या कानांचा गुण आला. गुण कशाचा आला ते मला ठाऊक होतं: मामंजी त्या दिवसापासून दुपारचे झोपायचे बंद झाले. कुत्रं होतं तसंच लोळत होतं. पण लोकांना कोण सांगणार! बाया माझ्याकडं यायला लागल्या, "आमचं बी लय मऊ हाय, जरा कान करून द्या की." मी करून द्यायची, आणि वर बजावायची, "हे घातल्यावर खरे कापायचे न्हाईत हां, गुण उलटतोय." देव मला ह्या खोट्याची क्षमा करो. करेलच, त्याचाच गण होता.

पुढं दोन-तीन वर्षांनी कुत्रं लंगडायला लागलं. तालुक्याहून सलोतरी, म्हणजे ढोरांचे डॉक्टर, बैलांच्या कामासाठी गावात आले होते. दुकानाच्या ओट्यावर चहा घेताना त्यांनी कुत्र्याचा पाय उचलून पाहिला. अंगठ्याचं जास्तीचं नख वाढून, वळून मांसात घुसलं होतं. त्यांनी पिशवीतून पकड काढली, आणि आमचे मामंजी आडवे पडले की कुत्र्यावर! "नक्को साहेब! कापू नका! मुकं जनावर हाय!"

दाराआड आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. मीही.

सलोतरी हसले. मग त्यांना कानाची खाच दिसली. "ये किने काटा, सेठ?"

मामंजी म्हणाले, "काटा लागला असंल." सलोतऱ्यांना पटलं नाही ते दिसतच होतं. "देखो सेठ," ते म्हणाले, "जानवर के वास्ते काटे तो इलाज, अपने वास्ते काटे तो जुलूम. ये नाखून इसके वास्ते है." कळलं कितपत कोण जाणे, पण मामंजी बाजूला झाले. भिंतीकडं तोंड करून त्यांनी कुत्र्याचं डोकं छातीशी धरलं आणि नख निघेपर्यंत शिवाचं नाव घेत राहिले. संध्याकाळपर्यंत कुत्रं चारी पायांवर पळत होतं.

सलोतऱ्यांनी जाता जाता आणखी एक विचारलं: भादव्यात हे फिरतंय, भांडून फाटून येतंय, तर खच्ची करायचं का? ओट्यावरचे पुरुष एकेक करून काम आठवून उठले. माझे यजमान तर सगळ्यांत आधी. मामंजी म्हणाले, "त्याला इचारून सांगतो." विचारायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत गावात लांब कानांची लाल पिल्लं जिकडं तिकडं. काही जगली, बरीच गाडीवाटेवर मेली. मी कितींना पाणी पाजणार होते? आपलं म्हणायचं ते एकालाच, आणि त्याच्या पोरांचं काय, हे वडलांनी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ती चूक आमचीच, कुत्र्याची नव्हे. दुसऱ्या भादव्यात ते मान फाटून घरी आलं, जखमेत किडे पडले. मी दाराआडून म्हणाले, "ए बाबा, आता बास झालं रं." मामंजींनी जखमेकडं बघायचा धीर केला, पांढरेफटक पडले, पण पडले नाहीत. "व्हय म्हणावं," ते म्हणाले, आणि स्वतः गाडी जुंपून त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

मग बरीच वर्षं गेली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत गेलं. आमच्या घरातलं राज्य मात्र तसंच. माझा पदर पुढं आणि मी दाराआड. कुत्रं म्हातारं झालं होतं. त्याला ऐकू येत नव्हतं. तरी मी त्यालाच सांगायची आणि मामंजी त्यालाच उत्तर द्यायचे. ते मधे बसून दोघांकडं आळीपाळीनं शेपूट हलवायचं. दुपारी मामंजींच्या जोड्यावर हनुवटी टेकून निजायचं, आणि ते त्याला ऊन लागलं की जोडा सावलीत सरकवायचे, कुत्र्यासकट.

दिवाळीनंतर एका सकाळी ते उठलंच नाही.

मामंजींनी कुणाला हात लावू दिला नाही. परसात, जिथं एकदा तीन दगड मांडले होते तिथं, त्यांनी स्वतः खड्डा खणला. गोणपाटात ठेवताना डावा कान दुमडला होता. ते खाली बसले, कान सरळ केला, आणि त्या खाचेवर अंगठा ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले. मी दारातून बघत होते. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही.

दुपारी ते जेवायला बसले. ताटात अर्धीच भाकर उरली होती. मी सवयीनं म्हणाले, "ए बाबा, भाकर..." आणि तिथंच अडकले. मधली जागा रिकामी. मी दाराआड, ते ताटावर, आणि निरोप न्यायला कुणी नाही.

मामंजींनी मान वर केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"पोरी," ते म्हणाले, "त्या दिशी दुकानात मीच निजलो व्हतो."

मी पदर मागं सारला आणि दारातून बाहेर आले. "म्हाईत हाय, मामंजी," मी म्हणाले. "भाकर घ्या."

त्यांनी ताट पुढं केलं.